पंप नको, गोळी द्या

बेळगावच्या वेंगुर्ला रोडला औषधाचं दुकान चालवणाऱ्याला कॅलेंडर लागत नाही. मृगाचा पाऊस सुरू होऊन भिंतींना ओल आली की आधी लहान मुलं येतात, आईच्या कडेवर बसून, छातीत घरघर घेऊन. गणपती गेल्यावर जरा उसंत मिळते. मग भातकापणी होते, मळण्या सुरू होतात आणि सुळगा, उचगाव, तुरमुरीकडची माणसं नाकाला टॉवेल लावून हजर होतात. थंडीत धुकं उतरतं, वीटभट्ट्या पेटतात, परसात चुलीवर पाण्याचे हंडे चढतात. ती म्हाताऱ्या माणसांची पाळी. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ आहेच. आमच्या भागातल्या मेडिकलांचं निम्मं भाडं खोकला आणि धाप यांच्यावर निघतं असं मी गमतीनं म्हणतो. ते फारसं खोटं नाही.

हिंडलग्यात गिऱ्हाईकही सगळ्या तऱ्हेचं. मध्यवर्ती कारागृहातले कर्मचारी, कॅम्प भागातले निवृत्त फौजी, उद्यमबागच्या फाउंड्रीत राबणारी पोरं, संकष्टीला गणपतीच्या देवळात आलेली आणि जाता जाता बीपीच्या गोळ्या घेऊन जाणारी मंडळी. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. चंदगड तालुक्यातल्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, त्यामुळे तिकडचे पेशंटही केएलई हॉस्पिटल नाही तर सिव्हिलला दाखवून परतताना याच रस्त्यानं जातात. काउंटरवर एकजण 'धाप' म्हणतो, दुसरा कन्नडात 'दम्मु' आणि 'केम्मु' म्हणतो; औषध दोघांना तेच. मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. आहे, हे सांगायचं मी कधीच सोडून दिलं. मात्र डॉक्टरांना जे दिसत नाही ते मला दिसतं, ही गोष्ट खरी. चिठ्ठीवर काय लिहिलंय हे डॉक्टरांना माहीत. त्यातलं माणसानं काय घेतलं आणि काय "पुढच्या वेळी बघू" म्हणून ठेवलं, हे फक्त मला माहीत.

आणि जे बहुतेक वेळा ठेवलं जातं, तो दम्याचा पंप असतो.

"मालक, पंप नको बघा, गोळीच द्या. पंपाची सवय लागतीय म्हणत्यात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी मला ते कळतं. लोकांच्या मनातला क्रम ठरलेला आहे: काढा सौम्य, सिरप बरं, गोळी जरा जोरात, इंजेक्शन कडक, आणि पंप म्हणजे अखेरचं. पंप लागला म्हणजे माणूस गेल्यात जमा. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर पंप पर्समध्ये खाली दडवायचा. एका बाईंनी मला पंपाचा खोका काढून घेऊन नुसता पंप वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला सांगितलं होतं.

आता हिशेब बघा. सॅल्ब्युटामॉल हे श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करणारं औषध. १९६९ पासून जगात वापरात आहे, आपल्याकडे 'अस्थालिन' या नावानं घराघरात पोचलेलं. त्याची गोळी येते चार मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात येतं शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातलं थोडं फुप्फुसाला मिळतं. उरलेलं हाताला कंप आणतं, छातीत धडधड करतं. फवारा थेट जिथं काम आहे तिथं पडतो आणि काही मिनिटांत गुण देतो. कडक कोण आणि सौम्य कोण, हे आता गिऱ्हाइकानंच ठरवावं. हा हिशेब मी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवतो. फौजी मंडळींना तो लगेच पटतो. बाकीचे "होय की" म्हणतात आणि गोळीच मागतात, कारण गोळ्यांचं पाकीट दहा-वीस रुपयांत मिळतं आणि पंपाला शंभराच्या दोन-तीन नोटा मोडाव्या लागतात. तेही काही वेडेपणाचं गणित नाही. रोजगारावर जाणारा माणूस आजची रात्र कशी निभेल तेवढंच बघतो.

पंपाची कल्पना मुळात एका लहान मुलीची. १९५५ साली अमेरिकेत रायकर कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीनं वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, मग माझं औषध तसं का मिळत नाही? वर्षभरात, १९५६ मध्ये, पहिला मोजका डोस देणारा पंप बाजारात आला. त्याआधी रबरी फुगा दाबून चालवायचे काचेचे नेब्युलायझर होते. ते पडून फुटायचे आणि डोसाचा पत्ता नसायचा.

खरा घोळ मात्र पंप की गोळी हा नाहीच. घोळ कुठला पंप हा आहे. दम्यात श्वासनळी आवळते हे खरं, पण ती आवळते कारण आतून सुजलेली असते. सॅल्ब्युटामॉल आवळलेलं सोडवतं, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवायला बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन अशी स्टिरॉइडची औषधं लागतात, फवाऱ्यातून, अगदी लहान मात्रेत, रोज. पहिला असा पंप १९७२ साली आला आणि दम्याच्या उपचाराला तिथून वळण मिळालं. अडचण एकच: हा पंप ओढल्यावर लगेच काही वाटत नाही. गुण यायला दिवस जातात. माणूस दोन्ही पंप नेतो. एकानं दोन मिनिटांत छाती मोकळी होते, दुसऱ्यानं काहीच होत नाही. मग पुढच्या महिन्यात तो कुठला घ्यायला येईल? त्यात 'स्टिरॉइड' हा शब्द कुणीतरी मोबाइलवर वाचलेला असतो.

दम्यावर जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या उपक्रमानं २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांचा दमा नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर सोडायचा नाही. सोबत स्टिरॉइडचा फवारा हवाच. आता बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, ज्याला आपल्याकडे 'फोराकॉर्ट' म्हणून ओळखतात, तो पुष्कळ जणांना सकाळ-संध्याकाळ आणि गरजेलाही चालतो, कारण फॉर्मोटेरॉल झटकन काम करतं आणि जोडीला सुजेवरचं औषधही आपोआप जातं. माझ्या मते दमेकऱ्याचा स्वभाव ओळखून बनवलेलं हे पहिलं औषध. माणूस आराम मिळतो म्हणून ओढतो, आणि नकळत उपचारही घेतो.

वापरायची रीत ही दुसरी कहाणी. पावडरची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते, तो रोटाहेलर आमच्याकडे खूप खपतो, कारण तो स्वस्त. तुरमुरीकडच्या एक आजी महिन्याची कॅप्सूल संपली म्हणून आल्या. गुण नाही म्हणाल्या. यंत्र कुठाय विचारलं तर म्हणाल्या, ते प्लास्टिकचं नातवानं खेळायला नेलं. कॅप्सूल त्या दुधाबरोबर गिळत होत्या, न चुकता, दोन्ही वेळ. कॅप्सूल गिळायचीच असते, हे त्यांना आयुष्यभर सगळ्यांनी शिकवलेलं. यात त्यांचं काय चुकलं? तिकडे डॉक्टरांनी गुण नाही म्हणून मात्रा वाढवून दिली होती.

तेव्हापासून नव्या माणसाला मी समोर उभं करून ओढून दाखवायला सांगतो. गॅसचा पंप आणि पावडरचा पंप यांच्या रीती उलट आहेत, हे डॉक्टरांकडच्या गर्दीत सांगायचं राहून जातं. गॅसचा पंप हलवायचा, श्वास सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश ओढायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत धरायचा. पावडरला सावकाश चालत नाही. ती जोरात, खोल ओढावी लागते, नाहीतर यंत्रातच बसते. स्टिरॉइडचा पंप ओढला की चूळ भरून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो. ज्यांना दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही, म्हणजे पोरं आणि म्हातारी, त्यांना पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचा स्पेसर हवा. तो महाग वाटतो. म्हणून १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला अभ्यास मला फार आवडतो: शीतपेयाच्या अर्धा लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला भोक पाडून, त्यात पंप घट्ट बसवून मुलांना औषध दिलं, तर विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला. अर्थात बाटली स्वच्छ हवी आणि भोक नीट हवं. थर्माकोलच्या कपाला भोक पाडून तसाच गुण येईल असं समजू नये. त्याच अभ्यासात तो कमी पडला होता.

जुन्या औषधांबद्दल मला तिरस्कार नाही. डेरिफायलीन घ्या. त्या गोळीत थिओफायलीन असतं, आणि थिओफायलीनचं घराणं कॉफीतल्या कॅफीनचं. म्हणून तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टर दमेकऱ्याला कडक कोरी कॉफी पाजत. ही गोळी स्वस्त आहे, म्हातारी माणसं तिच्यावर जीव टाकतात, पण तिची तऱ्हा सांभाळावी लागते. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. उचगावचे एक काका वर्षानुवर्षं ही गोळी घेणारे. एकदा जुलाब झाले म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सासिनची चिठ्ठी घेऊन आले. सिप्रोमुळे यकृताचं थिओफायलीन निपटायचं काम मंदावतं, रक्तात ती साचते. मग उलट्या, धडधड, क्वचित झटकेसुद्धा. त्या डॉक्टरांना काकांची जुनी गोळी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फोन केला, त्यांनी लगेच औषध बदललं.

बिडीचं तर आणखी गमतीशीर. तंबाखूच्या धुरानं यकृत ही गोळी जवळपास दुप्पट वेगानं संपवतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. आता त्यानं शहाणपणानं बिडी सोडली आणि गोळी तेवढीच ठेवली, तर तीच गोळी चार दिवसांत डोक्याला चढते. "बिडी सोडली आणि तब्येत बिघडली" असं सांगत तो पुन्हा बिडी पेटवतो. म्हणून बिडी सोडणाऱ्याचं मी अभिनंदन करतो आणि त्याच दमात गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलून यायला सांगतो.

निपाणी ही माझी सासुरवाड. तंबाखूचं गाव, १९८१ चं शेतकरी आंदोलन तिथलंच. शेतकऱ्याच्या भावाची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती; वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या छातीची चर्चा त्या मानानं कमी झाली. बायकोची मावशी वखारीत होती. पदराची घडी तोंडाला बांधून दिवसभर चाळण. तिनं जन्मात बिडी ओढली नाही, तरी साठीत जिना चढताना तिसऱ्या पायरीला थांबायची. असल्या छातीला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. आमच्या काउंटरवर ते रोज दिसतं. या लोकांना टायोट्रोपियमचा पंप दिवसातून एकदा दिला तर चालणं-फिरणं सुधारतं, पण दम्यासारखी छाती पूर्ण मोकळी होत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्या मुलांना सिलिकोसिस झाला तर मग औषधाच्या दुकानात त्यावर उतारच नाही. फुप्फुसात बसलेली वाळूची धूळ काढणारं औषध जगात कुणाकडे नाही. तिथं मास्क आणि पाण्यानं दबवलेली धूळ हेच औषध, आणि ते मालकाच्या हातात.

या टायोट्रोपियमचं मूळ आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यात आहे, हे सांगितलं की लोक चमकतात. धोतऱ्याचा धूर दमेकऱ्याला द्यायची रीत भारतात जुनी; एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मद्रासहून इंग्रजांनी विलायतेला नेली. त्या झाडातल्या ॲट्रोपीनवर काम होत होत इप्राट्रोपियम आणि पुढं टायोट्रोपियम निघालं. तसंच अडुळशाचं. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि त्याचा धाकटा भाऊ ॲम्ब्रोक्झॉल. बेडका पातळ करणाऱ्या निम्म्या बाटल्यांत आज ही दोन नावं असतात. मात्र म्हणून कुणी धोतऱ्याचा धूर ओढू नये. तो विषारी आहे आणि मात्रा मोजायची काही सोय नाही. एवढ्यासाठीच तर कारखाना लागला.

खोकल्याच्या बाटल्यांवर माझा फार विश्वास नाही, हे मी विकता विकता सांगतो. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि बेडका सुटायला लावणारं अशी दोन्ही औषधं असतात. आता खोकायचं की नाही? मोठ्या माणसाला साध्या सर्दीच्या खोकल्याला गरम पाणी आणि आठवडाभर धीर पुरतो. मुलांच्या बाबतीत मी कडक झालोय. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलनं १४ जण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. तरी तेच विष २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या सिरपमधून गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलांच्या पोटात गेलं. सर्दी-खोकल्याच्या क्लोरफेनिरामीन-फिनिलेफ्रिन मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायचा आदेश २०२३ सालचा आहे. "बारकं बाळ खोकतंय, एक बाटली दे" म्हणून येणाऱ्या आजीला मी परत पाठवतो. ती पुढच्या दुकानात जाते, तेही मला दिसतं.

कोडीनवाल्या बाटल्यांचं प्रकरण वेगळं. खोकला नसलेली पोरं गाडी चालू ठेवून दोन-तीन बाटल्या मागतात. २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, हे वहीत लिहून वही तीन वर्षं जपावी लागते. वही पुढं केली की गाडी निघून जाते.

क्षयाची औषधंही त्याच वहीत येतात. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा माणूस आला तर मी काही विकत नाही, बेडका तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवतो. तिथं तपासणीही फुकट आणि औषधंही.

सगळ्यात राग येतो तो पुडीचा. कुठून तरी दम्याची 'आयुर्वेदिक' पुडी येते, चार दिवसांत माणूस घोड्यासारखा पळतो, गावभर नाव होतं. सहा महिन्यांत तोंड गोल होतं, साखर वाढते, अंगावर निळे डाग दिसायला लागतात. आत दळलेली स्टिरॉइडची गोळी असते, बहुतेक वेळा. जो माणूस फवाऱ्यातल्या मायक्रोग्रॅमला घाबरून पंप नाकारतो, तोच मिलिग्रॅमनं स्टिरॉइड खात असतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. अशी पुडी एकाएकी बंद करणंही धोक्याचं, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

एक गोष्ट आमच्या संगणकामुळं कळायला लागली. सॅल्ब्युटामॉलच्या पंपात साधारण दोनशे फवारे असतात. दमा आटोक्यात असेल तर एक पंप कित्येक महिने पुरायला हवा. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त लागले तर जोरदार झटक्याचा धोका वाढतो आणि महिन्याला एक लागायला लागला तर जिवाचा धोका वाढतो, असं जीनाच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के. ही तफावत आमच्यासारख्या काउंटरांवरून जाते. बिलांची यादी काढली की दर महिन्याला पंप नेणारे नेहमीचे लोक नावानिशी दिसतात. त्यांचं औषध मी कधीच अडवत नाही; धाप लागलेल्या माणसाला पंप नाकारणं हा गुन्हा आहे. पण बिल करताना रात्री किती वेळा उठायला लागतं आणि दुसरा पंप चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारतो. बहुतेकांचा दुसरा पंप कपाटात, सील न तोडलेला असतो.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला दमा असेल तर एक करा. रिकामे झालेले पंप कचऱ्यात टाकू नका. गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि असलीच तर ती पुडीसुद्धा एका पिशवीत साठवा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. येताना आमच्याकडं थांबा आणि पंप एकदा समोर ओढून दाखवा. त्याचे पैसे लागत नाहीत.